खिडकीच्या टेबलाचं देणं

गेल्या महिन्यात नागपूरहून एका मैत्रिणीने फोटो पाठवला. धरमपेठेतल्या आमच्या हॉटेलच्या शटरवर कागद चिकटवलेला होता. इमारत पुनर्विकासाला जाणार, हॉटेल दिवाळीनंतर बंद. आमच्या जुन्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गदारोळ झाला. अर्ध्यांचं म्हणणं, सह्या गोळा करा, महापालिकेकडे जा, वारसा दर्जा मागा. उरलेल्यांचं म्हणणं, शहर वाढतं तेव्हा जुनं जातंच. मेट्रो आली, समृद्धी महामार्ग आला, किती काय गेलं, त्याचं कुणी सुतक पाळलं का? मी हॉटेलच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या. त्यावर एका मित्राने विचारलं, "लीड्समध्ये बसून गळा काढणं सोपं आहे. तू तिथे शेवटची पोह्याची प्लेट कधी खाल्लीस?"

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात. अधिवेशनाचे दिवस होते, रस्तोरस्ती बंदोबस्त होता आणि सिव्हिल लाइन्सकडून धरमपेठेत यायला मला पाऊण तास लागला होता. मित्राचा प्रश्न मला लागला, कारण तो खरा आहे. त्याचं उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी काटोलची. १९९३ साली एम. ए. मराठीसाठी नागपूर विद्यापीठात आले आणि मुलींच्या एका वसतिगृहात राहू लागले. तिथल्या रेक्टरबाई मुलींना आलेलं प्रत्येक पत्र फोडून वाचत. खोलीत चौघीजणी, रात्री दहाला दिवे बंद. मला कथा लिहायच्या होत्या आणि लिहायला बसायला जागा नव्हती. ग्रंथालयात लिहायचं तर शेजारचा डोकावून बघायचा. दुपारी तीन ते साडेपाच, जेवणाची गर्दी ओसरलेली आणि संध्याकाळचे आलूबोंडे अजून तळायला घेतलेले नाहीत, अशा वेळी मी पहिल्यांदा त्या हॉटेलात शिरले.

एकटी मुलगी दिसली म्हणून वेटर मामांनी मला नेऊन फॅमिली रूममध्ये बसवलं. हिरवा मळकट पडदा, एक मिणमिणती ट्यूबलाइट, कोपऱ्यात रिकाम्या सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट. त्या काळी बाईमाणसाला हॉटेलात जागा होती ती पडद्यामागे. मी वही काढली, पण अक्षर दिसेना. गल्ल्यावरून काकांनी ते पाहिलं असावं. ते मामांना म्हणाले, "तिले खिडकीपाशी बसव. लिहाले उजेड लागते."

इतकंच. त्यामागे काही धोरण नव्हतं. पण पडद्याच्या अलीकडे, सगळ्यांच्या समोर, दोन-दोन तास एका मुलीने वही उघडून बसायचं, हे त्या एका वाक्यामुळे त्या हॉटेलात रीतीचं झालं. सुरुवातीला पलीकडच्या टेबलावरची दोन माणसं रोज टक लावून बघायची. तिसऱ्या दिवशी आले तर काकांनी गल्ल्याची खुर्ची फिरवून घेतली होती. आता त्यांचं तोंड दाराकडे नव्हतं, त्या टेबलाकडे होतं. ती माणसं पुन्हा तिथे बसली नाहीत. खुर्ची मात्र मी नागपूर सोडेपर्यंत तशीच राहिली.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की खिडकीला वाळ्याची ताटी लागे. मामा दर अर्ध्या तासाने तिच्यावर मगाने पाणी मारत आणि ओल्या वाळ्याचा वास माझ्या वहीला लागे. मागवायची ती एक प्लेट पोहे. तर्रीचं पातेलं वेगळ्या शेगडीवर मंद आचेवर असायचं, वर लाल तवंग, खाली काळे चणे. मामा विचारत, "वरची देऊ का बुडातली?" वरची म्हणजे तेल आणि तिखट, बुडातली म्हणजे चणे. महिनाअखेरीला मी बुडातली मागायची, कारण चण्यांनी रात्रीपर्यंत पोट भरलेलं राहायचं. हे मामांना न सांगता कळलं. पुढे त्या दिवसांत ते विचारायचेच नाहीत, सरळ बुडातून डाव घालायचे.

त्या वर्षी घरची संत्र्याची बाग दगा देऊन गेली. मृग बहार धरलाच नाही. वडिलांची मनीऑर्डर दोन महिने आली नाही. मी हॉटेलात जाणं बंद केलं. आठवड्याने मामा वसतिगृहाच्या फाटकाशी उभे. "काकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?" मी गेले तेव्हा काकांनी उधारीची लांब वही पुढे केली. माझं पान आधीच उघडलेलं होतं. त्यावर माझं नाव नव्हतं. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. वर लिहिलं होतं 'खिडकी', आणि खाली तारखा.

कथा पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकिटं लावलेला लिफाफा जोडायचा असे. पत्ता वसतिगृहाचा दिला तर साभार परत आलेली कथा आधी रेक्टरबाई वाचणार. काका म्हणाले, "इथला पत्ता टाक ना. पोस्टमन रोज चहा प्याले येते." मग माझी टपाल हॉटेलच्या गल्ल्यावर येऊ लागली, अगरबत्तीच्या पुड्याखाली दाबून ठेवलेली. जाड लिफाफा म्हणजे कथा परत आली. पातळ पाकीट म्हणजे निव्वळ पत्र, म्हणजे बहुतेक स्वीकारली. काकांना हे गणित माझ्याआधी उमगलं. जाड लिफाफा आला की मी बसायच्या आधीच टेबलावर चहा असायचा आणि लिफाफा मी मागितल्याशिवाय मिळायचा नाही. असे चौदा जाड लिफाफे आले. पंधरावं पाकीट पातळ होतं. त्या दिवशी काका स्वतः उठून आले, पाकीट टेबलावर ठेवलं आणि परत जाऊन गल्ल्यावर बसले. मी ते उघडेपर्यंत त्यांनी समोरच्या गिऱ्हाईकाचे सुटे पैसे दिले नाहीत.

त्या कथेचं मानधन दीडशे रुपये आलं. वहीत माझ्याकडे दोनशे बारा निघत होते. काकांनी दीडशे घेतले, पानावर रेघ मारली आणि म्हणाले, "आता नवीन पान."

गेल्या तीस वर्षांत मी जे काही लिहिलं, त्याची पहिली मुभा मला त्या खिडकीने दिली. हे माझं कर्ज आहे. ते फिटलेलं नाही.

आता वादाकडे येते.

वारसा दर्जा मागणाऱ्यांशी माझं पटत नाही. नागपूरच्या वारसा यादीत कस्तुरचंद पार्क आहे, झिरो माइलचा स्तंभ आहे, ते योग्यच आहे. पण काकांचं हॉटेल ज्या इमारतीत आहे ती साधी, गळकी, दुमजली. तिच्यात जपण्यासारखं बांधकाम काही नाही आणि घरमालकाला ती पाडायचा हक्क आहे. यादी दगडविटांची होते. त्या दगडविटांत रोज दुपारी काय चालतं, याचा रकाना त्या यादीत नाही.

'शहर वाढतंच' म्हणणाऱ्यांशी तर मुळीच पटत नाही. मेट्रो आपोआप उगवली नाही. तिच्यासाठी आराखडा झाला, सरकारने पैसा घातला, जमीन मिळवली. २०१९ मध्ये ती धावू लागली, याचा मला आनंद आहे. मग एखाद्या माणसाला परवडेल अशा चहावर दोन तास बसता येईल अशा जागा शहरात किती उरल्या, हे कोण मोजतंय? आज त्याच भागात स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतात. ज्याच्याकडे तेही नाहीत, तो कुठे बसतो?

इथे लीड्सला मी चोवीस वर्षं आहे. इंग्रजांचा पब आणि आपलं हॉटेल यांत फरक पुष्कळ, मी तर पीतही नाही. पण आमच्या भागातल्या पबमध्ये दुपारी म्हातारी माणसं एका ग्लासवर तासन्‌तास बसलेली मी पाहिली, तेव्हा मला खिडकी आठवली. हे पब गेल्या काही दशकांत भराभर बंद पडत गेले. त्यावर इथे नुसते उसासे टाकले गेले नाहीत. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टने इंग्लंडमधल्या लोकांना एक साधा हक्क दिला. परिसरातले एकवीस जण एकत्र येऊन कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, सांगू शकतात की ही जागा आमच्या समाजजीवनाची आहे, तिची नोंद करा. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढली तर आधी कौन्सिलला कळवावं लागतं. लोकांनी सहा आठवड्यांत रस दाखवला तर त्यांना पैसे उभे करायला एकूण सहा महिने मिळतात. २०१७ पासून पब पाडायचा किंवा त्याचं दुकान, ऑफिस करायचं तर नियोजन परवानगीही घ्यावी लागते.

दक्षिण लंडनमधला आयव्ही हाउस हा पब असाच २०१३ मध्ये परिसरातल्या लोकांनी विकत घेतला. आमच्या यॉर्कशरमध्ये हडस्वेल नावाचं छोटं गाव आहे. तिथला जॉर्ज अँड ड्रॅगन हा पब गावकऱ्यांनी या कायद्याच्याही आधी, २०१० मध्ये, भाग भांडवल काढून पुन्हा सुरू केला. मी तिथे जाऊन आले आहे. आत छोटं वाचनालय आहे, गावाचं दुकान आहे. पुढे त्याला देशातला सर्वोत्तम पब म्हणून गौरवलं गेलं.

हा कायदा म्हणजे जादू नव्हे, हेही सांगते. तो फक्त वेळ देतो, पैसे देत नाही. मुदत संपली की मालक हव्या त्याला विकायला मोकळा. आमच्या भागातल्या पबसाठी मीही सही केली होती, दारोदार फिरले होते. सहा महिने भरले, रक्कम जमली नाही, तिथे आता फ्लॅट आहेत. २०२२ च्या हिवाळ्यात इथली वीज-गॅसची बिलं वर्षभरात जवळपास दुप्पट झाली, तेव्हा ग्रंथालयांनी, चर्चनी, समाजमंदिरांनी 'ऊबदार जागा' म्हणून दारं उघडली. कुणीही यावं, चहा घ्यावा, हवं तितकं बसावं. मी आमच्या भागातल्या अशा एका जागेत बुधवारी चहा द्यायला जायचे. घरातला हीटर बंद ठेवून आलेल्या आजीबाई कोट न काढता कोपऱ्यात बसायच्या. श्रीमंत देशाला मोहीम काढून जे उभं करावं लागलं, ते काका गल्ल्यावर बसून, सिलिंडरचे पैसे स्वतः भरून, वर्षानुवर्षं करत होते.

आपल्याला हे परकंही नाही. सरकारच्या कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ मध्ये बंगळुरूला. इंडियन कॉफी हाउस आजही चालतंय ते त्या कामगारांमुळे. सहकाराचा एवढा मोठा इतिहास असलेल्या महाराष्ट्रात एका हॉटेलासाठी चाळीस गिऱ्हाइकं एकत्र येऊ शकत नाहीत, हे मी मानायला तयार नाही.

मी काकांच्या मुलाला फोन केला. तो मला ताई म्हणतो, लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून गोट्या खेळायचा. तो म्हणाला, "ताई, नव्या इमारतीत गाळा देतो म्हणून राहिले, पण मागच्या बाजूले आणि निम्म्याहून कमी. बांधून व्हाले तीन वर्षं तरी. तोपर्यंत मी नुसतं किचन टाकतो, ॲपवर ऑर्डरी घेतो. बसाले जागा दिली तर भाडं निघत नाही." माझ्या मनात त्याच्याबद्दल तक्रार नाही. ॲपवाले प्रत्येक ऑर्डरीतून कमिशन कापतात, तरी टेबलापेक्षा ते त्याला परवडतं. हिशेब त्याचा बरोबर आहे. त्या हिशेबात आम्ही नाही, ही आमची चूक. आम्ही वीस वर्षं आठवणी काढत राहिलो आणि जेवण घरी मागवत राहिलो.

म्हणून ग्रुपवर मी जे मांडलं ते असं. उधारीची वही उलटी करू. तेव्हा त्यांनी आमच्या नावे लिहिलं, आता आपण जमा करू. प्रत्येकाने तीन वर्षांचे चहा-पोहे आगाऊ भरायचे. त्या पैशातून त्याच गल्लीत, बसायच्या टेबलांसकट, तात्पुरता गाळा घ्यायचा. जे परदेशात आहेत त्यांचे पोहे अभ्यासिकेतल्या मुलांनी खावेत. आणि सह्या गोळा करायच्याच असतील, तर महापालिकेकडे इमारतीच्या दर्जासाठी नको, अशा जागांची वेगळी नोंद ठेवावी यासाठी करा. ती जागा जायची असेल तर लोकांना सहा महिने आधी कळावं, एवढं मागा.

काकांना मुलाने हे सांगितलं. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, सकाळी तासभर गल्ल्यावर येऊन बसतात. त्यांनी विचारलं म्हणे, "खिडकी कोणाच्या नावानं लिहाची?"

आतापर्यंत अकरा जणांनी पैसे भरले आहेत. मला प्रश्न विचारणाऱ्या मित्राने अजून उत्तर दिलेलं नाही. मी त्याला वेगळा फोन करणार आहे, कारण त्याच हॉटेलात त्याच्या बहिणीच्या लग्नाची पहिली बोलणी झाली होती आणि काकांनी त्या दिवशी बिल घेतलं नव्हतं. मुलाने दोन गाळे पाहून ठेवलेत. एक स्वस्त आहे, आतल्या अंगाला, चार टेबलांचा. दुसरा रस्त्याकडे तोंड असलेला, आठ टेबलांचा, त्याला पश्चिमेकडून उजेड येतो. दुसऱ्याच्या डिपॉझिटला अजून निम्मे पैसे कमी पडतायत आणि घरमालक पंधरा तारखेपर्यंत थांबायला तयार आहे.