पिल्लू गप्प झालं म्हणजे रुळलं असं नाही

"पिल्लू घरी आलं की पहिल्याच रात्री क्रेटमध्ये, म्हणजे दाराच्या पिंजऱ्यात, ठेवून दार लावा. कितीही रडलं तरी जवळ जाऊ नका, नाहीतर लाडावेल. तीन रात्रींत गप्प होतं. कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी, त्याला बंद जागा आवडतेच, आणि झोपायच्या जागी तो घाणही करत नाही. खोड्या केल्या तरी क्रेटमध्येच टाका."

नवं पिल्लू आणलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कुणी ना कुणी हा सल्ला पाठवतंच. क्रेटला माझा अजिबात विरोध नाही. नीट सवय लागली तर प्रवासात, आजारपणात, घरात गडबड असताना कुत्र्याला त्याचा मोठा आधार होतो. म्हणूनच पहिल्या रात्रीच त्याची दहशत बसवणारा हा सल्ला मला घातक वाटतो.

आधी गुहेचं बघू. लांडग्याची मादी पिल्लं घालण्यापुरती गुहा किंवा बीळ वापरते. तीनेक आठवड्यांची झाली की पिल्लं तोंडाशी येऊन खेळू लागतात आणि आठ-दहा आठवड्यांत ती जागा सुटतेच. मोठे लांडगे एरवी उघड्यावर झोपतात. म्हणजे आपण ज्या वयाचं पिल्लू घरी आणतो, त्या वयात लांडग्याचं पिल्लू गुहेबाहेर पडत असतं. शिवाय गुहेला कडी नसते आणि आत भावंडांची ऊब असते. कुत्र्यांना पलंगाखाली, टेबलाखाली अंग चोरून झोपायला आवडतं हे खरं आहे, पण तिथे ती आपल्या पायांनी जातात आणि हवं तेव्हा बाहेर येतात.

आता रडण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आठ आठवड्यांचं पिल्लू त्या रात्रीपर्यंत एकदाही एकटं झोपलेलं नसतं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६५ साली तो प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाची नाती जुळण्याचा असतो, असं त्यांनी दाखवलं. नेमक्या या काळात आपण त्याला आईपासून तोडतो. अनोळखी जागी एकटं पडलं की ते केकाटतं, कारण आईला हाक मारायचा तेवढा एकच मार्ग त्याला ठाऊक असतो. त्यात हट्ट कुठला?

जवळ गेल्याने लाडावेल, ही भीती अर्धवट माहितीतून येते. केवळ आपलं लक्ष वेधण्यासाठी केलेलं वागणं दुर्लक्षाने कमी होतं, हे बरोबर. पोट भरलेलं, शू झालेलं पिल्लू खेळायला बाहेर यायचं म्हणून थोडं कुरकुरत असेल, तर क्षणभर थांबायला हरकत नाही. घाबरून रडणाऱ्या पिल्लाला हा नियम लावता येत नाही. आपण शेजारी बसलो म्हणून त्याची भीती वाढत नाही, उतरते. आणि तीन रात्रींनी ते गप्प झालं, तर दमूनही झालेलं असू शकतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी करा. क्रेटचं दार उघडं ठेवून बघा: पिल्लू वास घेत आत शिरतं, की दुरूनच अंग ताठ करून मागे सरकतं?

झोपायच्या जागी घाण न करणं हे पिल्लाच्या इच्छेएवढंच त्याच्या मूत्राशयावर अवलंबून असतं. ढोबळ हिशेब असा: जितक्या महिन्यांचं वय तितके तास, फार तर त्यात एक मिळवा. दोन महिन्यांचं पिल्लू मध्यरात्री कुंईकुंई करत असेल तर बहुतेक वेळा त्याला शू लागलेली असते. उचलून बाहेर न्या, न बोलता, न खेळता काम उरकू द्या आणि परत झोपवा. तिथेही दुर्लक्ष केलंत तर ते क्रेटमध्येच शू करायला शिकेल.

खोड्यांसाठी क्रेटची शिक्षा तर नकोच. निवांत झोपायची जागा आणि कोठडी एकच कशी असेल?

मग करायचं काय? सुरुवातीला दार उघडंच राहू द्या. क्रेट एवढा असावा की पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता यावं. खाण्याचं भांडं आधी दाराशी, मग उंबऱ्याच्या आत, मग तळाशी ठेवा. ते खात असताना दार लोटा आणि खाणं संपायच्या आत उघडा. मग काही सेकंद, मग मिनिट, चघळायला काही देऊन आणखी थोडं. कुरकुर सुरू झाली तर आपण घाई केली असं समजून एक पायरी मागे या. रात्री क्रेट आपल्या अंथरुणाला लागून ठेवा. हात खाली सोडला की वास मिळतो आणि बरीच पिल्लं तेवढ्याने शांत होतात. पुढे हळूहळू क्रेट दूर सरकवता येतो. आत ठेवताना गळपट्टा मात्र काढा, तो गजांत अडकून फास बसू शकतो.

काही पिल्लं एवढं करूनही लाळ गाळतात, गज चावतात, नखं तुटेपर्यंत ओरबाडतात. त्यांना बंद क्रेटमध्ये ठेवू नका. जाळीचं मोकळं कुंपण किंवा एखादी सुरक्षित खोली द्या आणि पशुवैद्यांशी बोला.