सेल्फ मारत राहावा

हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगच्या, कामासाठी गॅरेजला लावलेला ट्रक दहा दिवसांनी तयार झाला आणि चालू होत नाही, असे आपल्या लक्षात आले असेल, तर घाबरून न जाता सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारावा. चालू झाला नाही, तर पुन्हा मारावा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि मध्ये तो निवू द्यावा, असे जे सांगितले जाते ते निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ज्यांना दिवसभर बसायला सवड आहे अशा लोकांसाठी असते. आपल्याला संध्याकाळी मार्केट यार्डात माल भरायचा आहे. चावी फिरवून धरावी आणि वाइंडिंग जळल्याचा वास केबिनमध्ये येईपर्यंत सोडू नये.

अर्ध्या तासाने सेल्फ घरघरू लागतो. आता बॅटऱ्यांवर आळ घेण्यास आपण मोकळे आहात. सकाळी त्या उत्तम होत्या आणि त्या आपणच उतरवल्या, हा तपशील कोणापुढे उगाळू नये. ट्रकला २४ व्होल्ट लागतात, ते १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून मिळतात. म्हणजे खर्चही दुप्पट होतो आणि काहीतरी भरीव केल्याचे समाधानही दुप्पट मिळते. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची विणलेली पट्टी जोडायची राहून एका बाजूला लोंबत असेल, तर तिच्याकडे पाहू नये. सेल्फचा करंट अशा वेळी मिळेल त्या वाटेने परततो, त्यामुळे रेसची (अ‍ॅक्सिलरेटरची) तार हाताला चटका बसेल इतकी तापते. ती उन्हाने तापली असे समजावे, मग गॅरेज शेडखाली का असेना.

एव्हाना तेथे सात-आठ जण जमलेले असतील. पुण्यात मत देण्यासाठी गाडी स्वतःची असावी लागत नाही, किंबहुना गाडी नसली तर मत अधिक ठाम असते. एक जण डिझेल फवारणारा नोझल सांगेल, दुसरा त्याला डिझेल पुरवणारा पंप सांगेल, तिसरा चाळीस वर्षांपूर्वी खंबाटकीत बंद पडलेल्या गाडीची हकिगत सांगेल. सर्वांचे ऐकावे आणि सर्वांचे करावे. या गडबडीत सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहून धूर बघण्याचा मोह मात्र टाळावा. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा-अठरा पट दाबली गेली की ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपणहून पेट घेते. त्यामुळे सेल्फ मारताना पांढरा धूर निघाला, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे टायमिंग (डिझेल पडण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (हवेचा दाब) बघावे. धूर अजिबात निघाला नाही, तर डिझेलच पोहोचत नाही. एवढे एका मिनिटात आणि फुकट कळते, म्हणूनच ते कोणी सांगत नाही.

पांढरा धूर दिसलाच आणि मेस्त्रींनी पंपही उतरवला होता हे आठवले, तरी टायमिंगचा विषय काढू नये. ‘खुणा जुळवल्यात,’ असे ते म्हणतील, आणि खुणा खरोखरच जुळलेल्या असतील. क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक होतो. एक नंबरचा पिस्टन या दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा हवा दाबत आणि एकदा धूर बाहेर ढकलत. दुसऱ्या वेळी पंप बसवला तरी फ्लायव्हीलवरची खूण तितकीच सुरेख जुळते, फक्त डिझेल भलत्या वेळी पडते. टॅपेट कव्हर उघडून एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे आहेत का एवढे बघितले, तर उलगडा होतो. परंतु उघडलेले कव्हर परत लावताना त्याचे पॅकिंग फाटेल, अशी रास्त भीती आपण बाळगावी.

डिझेलच्या पाइपांत अडकलेली एअर काढण्याबाबतही संयम ठेवावा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड पंप मारत राहिले, तर आधी फेस येतो, मग बुडबुडे येतात आणि शेवटी काचेसारखे स्वच्छ डिझेल वाहते. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकीकडून येणाऱ्या पाइपवर कुठेतरी जुनाच दबलेला तांब्याचा वॉशर पुन्हा लावलेला असतो. त्याची किंमत चहापेक्षा कमी असल्याने त्याच्यावर संशय घेणे प्रतिष्ठेला शोभत नाही. त्यापेक्षा सहाच्या सहा नोझल काढून टेस्टिंगला पाठवावेत, तोवर नाना पेठेत जाऊन दोन-चार स्पेअर पार्ट आणावेत, आणि तरीही जमले नाही तर हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारावा. तो वेळेआधीच पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा तोडू शकतो, परंतु काम आधीच निघालेले असल्याने रिंगांचेही उरकून जाईल.

येथे थट्टा क्षणभर बाजूला ठेवतो. १ एप्रिल २०२० नंतरचा बीएस-६ (धुराच्या नव्या निकषांचा) ट्रक असेल, तर कॉमन रेलचा (सर्व नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचा) नोझल पाइप सैल करून सेल्फ मारू नका. तेथील दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची ती धार कातडीत शिरते. बाकी त्या गाडीत क्रँक सेन्सरचे सॉकेट लावायचे राहिले असले, तरी आपण अख्खा ईसीएम (इंजिनाचा संगणक) बदलायला मोकळे आहातच.

मी हे सारे अनुभवाने सांगतो आहे. माझा ट्रक जुना, सहा सिलिंडरचा, मेकॅनिकल पंपाचा. गॅरेजला तो पाणी उडवत का होईना, स्वतःच्या चाकांवर आला होता. म्हणजे दोष असलाच तर दहा दिवसांत ज्याला हात लागला त्यातच असणार, हे कोणालाही कळावे. परंतु ‘मेस्त्री, आपण काय काय सोडवले होते?’ असे विचारणे म्हणजे यजमानाला मिठाचा हिशेब मागण्यासारखे, म्हणून मी विचारले नाही. दोन नव्या बॅटऱ्या झाल्या, नोझल टेस्टिंग झाले, बंपरला लिंबू-मिरची झाली, टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून, ट्रान्सपोर्टनगरीला दोन प्रदक्षिणा झाल्या. धुराचा मागमूस नव्हता. फिल्टरपर्यंत डिझेल स्वच्छ येत होते आणि नोझलचे नट सैल केले तर तेथे ठणठणीत कोरडे.

तिसऱ्या दिवशी आमचा क्लीनर पंपाच्या बाजूला वाकून म्हणाला, ‘शेठ, हे ओढलेलंच हाय की.’ इंजिन बंद करण्याची जी तार केबिनमधून पंपाकडे येते, ती परत बसवताना आखूड पकडली गेली होती, आणि स्टॉपचा लिव्हर कायम बंदवर ओढलेला राहिला होता. तीन दिवस आम्ही एका हाताने इंजिन बंद धरून दुसऱ्या हाताने चालू करत होतो. त्याने दहाच्या पान्याने क्लॅम्प ढिला केला, तार सोडली, आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन खडखडून उठले.

मेस्त्रींनी बिलात ‘स्टॉप तार सेटिंग’ अशी स्वतंत्र ओळ लिहिली. ती मुकाट्याने भरून मी देहूरोडला चहासाठी थांबलो आणि इंजिन बंद करायला तार ओढली, तर ते बंद होईना. क्लॅम्प आता इतका ढिला होता की लिव्हर बंदपर्यंत जाईचना. शेवटी चौथा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा ते एकदाचे गप्प झाले. फोन केल्यावर मेस्त्री म्हणाले, ‘चालू होत नाही म्हणून आणली होती ना? बंद करायचं काम वेगळं.’