घराच्या पोटात काय केलंय ते सांगून विका

घरात मोठी दुरुस्ती केली म्हणून माझी कुणावर तक्रार नाही. जुन्या घरात बदल होतातच. माझा राग ती दुरुस्ती लपवल्याचा आहे. आणि तो इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांनी "जाऊ दे, घर उभं आहे ना?" एवढंच म्हणून विषय संपवला.

आम्ही घेतलेलं घर विटांच्या भारवाहक, म्हणजे वरचं वजन पेलणाऱ्या भिंतींचं आहे, दोन मजली. खाली हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतच नाही, सलग मोकळी जागा. घर बघताना आम्हाला सगळ्यात जास्त तीच आवडली होती. वर नेटकं फॉल्स सिलिंग. राहायला आल्यावर दिव्यांचं वायरिंग बदलायला घेतलं, इलेक्ट्रिशियनने सिलिंगचा एक बोर्ड उतरवला आणि मला हाक मारली. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी गर्डर होता. म्हणजे त्या मोकळ्या जागेत पूर्वी भिंत होती, वरच्या मजल्याचं ओझं घेणारी, आणि ती कुणीतरी पाडली होती. आम्हाला त्याबद्दल एका शब्दाने सांगितलेलं नव्हतं.

भिंत काढून गर्डर घालणं हे जगभर चालणारं काम आहे. नीट केलं तर त्यात काही वावगं नाही. पण ते नीट करणं म्हणजे काय, हे मला आता कळलंय. भिंत वरचं वजन आपल्या सगळ्या लांबीवर पसरवून पायात उतरवते. तिच्या जागी गर्डर आला की तेच सगळं वजन दोन टोकांवर गोळा होतं. मग त्या टोकांखालच्या विटा आणि त्यांच्याखालचा पाया हे वजन पेलतील का, याचा आधी हिशेब करावा लागतो. टोकांखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक लागतो, म्हणजे वजन एकाच विटेवर न येता पसरतं. भिंत पाडताना वरच्या स्लॅबला टेकू द्यावे लागतात. गर्डर बसल्यावर तो आणि स्लॅब यांच्यामधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या सिमेंटच्या मालाने घट्ट भरावी लागते, नाहीतर टेकू काढल्यावर स्लॅब आधी खाली वाकतो आणि मग कुठे गर्डरवर टेकतो. शिवाय आगीपासून संरक्षण. साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते आणि घरातली आग ते तापमान सहज ओलांडते. म्हणून उघड्या गर्डरला अग्निरोधक बोर्ड किंवा त्यासाठीचा खास रंग लागतो.

आमच्याकडे आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरने गर्डरचं एक टोक उघडून पाहिलं. तिथे बेड ब्लॉकच नाही, गर्डर थेट विटांवर, आणि कडेच्या विटा चुरडलेल्या. वरच्या फटीत लाकडी पाचरी ठोकून त्यावर सिमेंटचा माल लिंपलेला. त्याच जागेच्या वर माझ्या आईची खोली आहे. तिथला वॉलपेपर सोडवला तेव्हा मागे पुट्टीने भरलेले तिरके तडे निघाले, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखे चढत गेलेले. असा तडा बहुतेक वेळा भिंतीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचल्याची खूण असतो. गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा कुठल्याही घरात असतात, त्यांची चिंता करू नये. ब्रिटनमध्ये तड्यांची जी प्रतवारी वापरतात तीत ५ मिलिमीटरपर्यंतचे तडे किरकोळ धरतात, १५ च्या पुढचे गंभीर. पण ती प्रतवारी समोर दिसणाऱ्या तड्याची आहे. पुट्टी भरून वर कागद चिकटवला की तो मूळ किती रुंद होता, वाढत होता की थांबला होता, हे सगळं पुसलं जातं. काचेची पट्टी तड्यावर आडवी चिकटवून काही महिने वाट पाहायची आणि ती फुटते का बघायचं, ही साधी जुनी तपासणी. तीसुद्धा आम्हाला आता पहिल्यापासून करावी लागते आहे.

इंजिनीअरने सगळ्यात आधी ड्रॉइंग मागितलं. माझ्याकडे नव्हतं. गर्डरची उंची, जाडी तो मोजू शकला, पण दुसरं टोक भिंतीत किती आत गेलंय, पायाशी काही भर घातली आहे का, हे भिंत फोडल्याशिवाय आणि जमीन खणल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाला. लपवण्याने होणारं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं. जी माहिती एका माणसाच्या डोक्यात तयार आहे, ती मिळवण्यासाठी दुसऱ्याला स्वतःचं घर फोडावं लागतं.

विकणाऱ्यांना फोन केला. तडे, गळती याबद्दल आम्ही व्यवहाराच्या वेळी विचारलं होतं आणि "काही नाही" असं उत्तर मिळालं होतं. गर्डरचा विषय काढल्यावर ते म्हणाले, "भिंतीचं तुम्ही कुठे विचारलंत?" जी भिंत समोर नाहीच, तिच्याबद्दल कुणी कसं विचारणार? जो पहिल्यांदाच त्या घरात पाऊल ठेवतोय त्याला ती जागा मुळातच तशी बांधलेली वाटते. हा प्रश्न सुचण्यासाठी लागणारी माहिती फक्त विकणाऱ्याजवळ असते, म्हणून बोलण्याची जबाबदारीही त्याचीच. कायद्यानेही ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, पण घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही सापडण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये गळक्या छताच्या एका खटल्यात हेच तत्त्व मान्य केलं. कॅलिफोर्नियात तर विकणाऱ्याला ठरलेला छापील फॉर्म भरून द्यावा लागतो आणि परवानगीशिवाय केलेले बदल, वाढीव बांधकाम याबद्दल त्यात थेट प्रश्न आहेत. तेव्हा "तुम्ही विचारलं नाही" हे उत्तर कायद्यातही टिकत नाही आणि माणुसकीतही नाही. अडचण पुराव्याची आहे. समोरच्याला माहीत होतं, हे सिद्ध कोणी आणि कसं करायचं? आमच्या बाबतीत ते तुलनेने सोपं आहे, कारण काम त्यांच्याच काळात झालं आणि ते करणारा मिस्त्री सापडला. प्रत्येकाला असा मिस्त्री सापडणार नाही.

"घर उभं आहे ना" म्हणणाऱ्यांना मी दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअरबद्दल वाचायला सांगते. २९ जून १९९५ ला ती इमारत कोसळली आणि ५०२ माणसं गेली. मूळ आराखडा चार मजल्यांचा, त्यावर पाचवा चढवला. सरकते जिने बसवायला स्लॅबमध्ये मोठी भोकं पाडली. खांब हवे तेवढे जाड नव्हते. छतावरची एसीची अवजड यंत्रं एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकवली. कोसळण्याच्या दिवशी सकाळी तडे सगळ्यांना दिसत होते, वरचा मजला बंदही केला, पण खाली दुकान चालू ठेवलं. ती इमारतसुद्धा पाच वर्षांहून जास्त काळ उभी होती. आमचं घर म्हणजे साम्पूंग नव्हे, हे मला माहीत आहे, आणि उगाच घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. बांधकामात सुरक्षिततेसाठी थोडी जास्तीची ताकद धरलेली असते. चुकीचा बदल ती जास्तीची ताकद खात जातो आणि वरून काहीच दिसत नाही. मग एखादा भूकंप, एखादी आग, वरच्या खोलीत ठेवलेली पुस्तकांची जड कपाटं, आणि जिथे राखीव म्हणून काही असायला हवं होतं तिथे काहीच उरलेलं नसतं.

काँक्रीटच्या इमारतीतल्या फ्लॅटवाल्यांनीही हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. सळ्या गंजल्या की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट आतून ढकलून फोडतो. खरी दुरुस्ती करायची तर सैल काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढायचं, गंज साफ करायचा, झिजलेल्या सळीला जोड द्यायचा आणि मगच नवीन माल भरायचा. खोटी दुरुस्ती म्हणजे वरून प्लॅस्टर आणि रंग. विकण्याच्या दिवशी दोन्ही सारख्याच गुळगुळीत दिसतात. कॉलमला जॅकेटिंग केलं असेल, म्हणजे भोवती नवा थर चढवून तो मजबूत केला असेल, तर तो इतर कॉलमपेक्षा जाड दिसतो, एवढा एक सुगावा मिळतो. पण कुणी त्याच्याभोवती शोभेचं लाकूडकाम केलं की तोही गेला.

मला सारखं ऐकवलं जातं की असं सगळं खरं सांगत बसलं तर घराचा भाव पडेल. पडेल ना. पडायलाच हवा, कारण घराची खरी किंमत तेवढीच आहे. आणि काम इंजिनीअरच्या देखरेखीखाली झालेलं असेल, ड्रॉइंग असेल, बोर्ड लावण्याआधी काढलेले फोटो असतील, तर मी स्वतः असं घर न हात लावलेल्या जुन्या घरापेक्षा जास्त विश्वासाने घेईन. ऑपरेशन झालेल्या माणसाचे जुने केसपेपर नव्या डॉक्टरला लागतात, तसंच आहे हे. शस्त्रक्रिया झाली यात कमीपणा काहीच नाही, पण ती कुठे आणि कशी झाली हे न कळता पुढचा डॉक्टर हात कसा लावणार?

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे की ही माहिती एकदा तुटली की पुढे सगळ्यांसाठी तुटते. आम्हाला तो गर्डर दिसला नसता आणि काही वर्षांनी आम्ही घर विकलं असतं, तर नव्या माणसाला आम्ही अगदी प्रामाणिकपणे सांगितलं असतं की घरात काही मोठं काम झालेलं नाही. ज्या भिंतीवर गर्डर टेकलाय, त्याने कदाचित त्याच भिंतीत दार काढलं असतं. कुणीही खोटं न बोलता एखादं कुटुंब धोक्यात आलं असतं.

म्हणून जे आता घर घेताहेत त्यांना माझं सांगणं आहे की "काही प्रॉब्लेम आहे का?" असं मोघम विचारू नका. कुठली भिंत, बीम किंवा कॉलम कधी हलवला, काढला, जाड केला का, पाया कधी उघडला का, कुठल्या कामाला परवानगी घेतली होती, आणि तुमच्याही आधीच्या मालकाने काय केलं ते माहीत आहे का, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. मूळ मंजूर नकाशा मागा आणि तो हातात धरून खोल्यांमधून फिरा. नकाशात जाड भिंत आहे आणि समोर मोकळी जागा आहे, तर तिथल्या सिलिंगचा एक बोर्ड उतरवू द्या म्हणा. जो नाही म्हणेल त्याला कारण विचारा. इंजिनीअर स्वतःचा न्या, मध्यस्थाने सुचवलेला नको.

आमच्या घराचं काम सध्या चालू आहे. टेकू लावलेत, आई खालच्या खोलीत झोपते, दोन्ही टोकांना बेड ब्लॉक बसतील आणि एका बाजूला पायाला भर घालावी लागेल. वकिलामार्फत नोटीस गेली आहे, तिचं उत्तर अजून आलेलं नाही. वकिलांनी आणखी एक गोष्ट सुचवली, जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती. खरेदीखतातच विकणाऱ्याकडून निवेदन लिहून घ्यायचं की त्याच्या माहितीत झालेले सगळे रचनात्मक बदल सोबतच्या यादीत आहेत आणि त्याखेरीज काही नाही. ज्यांनी आपल्या खतात असं कलम घातलं असेल त्यांनी नावगाव वगळून त्याचा मजकूर खाली टाका. कुणाला तो आत्ता, सही करण्याआधी लागेल.