टॉरेंटच्या मंद गतीवर फिरणारे सहा उपाय : एक प्रतिवाद

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश सारखा पुढे पाठवला जात आहे. टॉरेंट, म्हणजे अनेक लोकांच्या संगणकांवरून फाइल उतरवण्याची पद्धत, मंद चालत असेल तर दोष क्लायंटचा, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रामचा, असतो आणि सहा गोष्टी केल्या की वेग दसपट होतो, असा त्याचा दावा आहे. म्यूटॉरेंट या क्लायंटची 2.2.1 ही जुनी आवृत्ती बसवा, अपलोडची मर्यादा शून्य करा, इतरांच्या संगणकांशी होणाऱ्या जोडण्यांची संख्या पाच हजारांवर न्या, राउटरमध्ये 6881 हे पोर्ट (बाहेरच्या जोडण्या आत येण्याचे क्रमांकित दार) उघडा, फायरवॉल (जोडण्यांवर पहारा ठेवणारा प्रोग्राम) आणि अँटीव्हायरस बंद ठेवा आणि शेवटी ट्रॅकरांची (फाइल कोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरांची) लांब यादी चिकटवून फुकटचे व्हीपीएन (आपली सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) लावा, असे ते सहा उपाय आहेत. रामबाग असो वा सुदामानगर, आपल्या अनेक घरांत आजोबांचे पेन्शन, बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास हे सारे एकाच संगणकावर चालते. म्हणूनच या संदेशाला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी मूळ गृहीतक पाहू. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत फाइल एका सर्व्हरवरून येत नाही. तिचे लहान लहान तुकडे ती आधीच मिळवलेल्या लोकांकडून येतात आणि प्रत्येक तुकडा त्याच्या हॅशशी, म्हणजे त्या तुकड्यावरून काढलेल्या ओळख-आकड्याशी, ताडून पाहिला जातो. त्यामुळे वेग प्रथम ठरतो तो पूर्ण फाइल जवळ असलेले सीडर किती आहेत आणि ते किती वेगाने देऊ शकतात यावर. दोष क्लायंटचा आहे की त्या टॉरेंटचा, हे ओळखण्यासाठी उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या चालू आवृत्तीचे अधिकृत टॉरेंट लावून पाहावे, कारण त्याला सीडर भरपूर असतात. 100 मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला 12.5 मेगाबाइट ही कमाल मर्यादा आहे, कारण एका बाइटमध्ये 8 बिट असतात. त्याच्या जवळपास वेग मिळाला, तर क्लायंटला हात लावण्याचे कारणच उरत नाही. वाय-फायवर वेग कमी आणि केबल जोडल्यावर पूर्ण मिळत असेल, तर शोध घरातल्या वाय-फायपाशी थांबतो.

आता पहिला उपाय. 2.2.1 ची ओढ मला समजते. तिच्यानंतरच्या म्यूटॉरेंटमध्ये जाहिराती आल्या आणि 2015 मध्ये तर त्याच्या इन्स्टॉलरबरोबर ‘एपिक स्केल’ हा संगणकाची शक्ती वापरून क्रिप्टो चलनाचे मायनिंग करणारा (ते चलन कमावणारा) प्रोग्राम येत असल्याच्या तक्रारी गाजल्या. पण त्यावर 2011 च्या सुमाराची आवृत्ती हे उत्तर नाही. 2018 च्या सुरुवातीस गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-त्रुटी शोधणाऱ्या गटातील टॅव्हिस ऑर्मंडी यांनी, ब्राउझरमध्ये उघडलेले परके पान म्यूटॉरेंटशी परस्पर संपर्क साधू शकेल अशा त्रुटी दाखवून दिल्या होत्या. अशा शोधांनंतरच्या दुरुस्त्या नव्या आवृत्त्यांत येतात. सोडून दिलेल्या आवृत्तीला त्या कधीच मिळत नाहीत. जाहिरातींचा त्रास नको असेल, तर क्यूबिटटॉरेंट, ट्रान्समिशन आणि डेल्यूज हे मुक्तस्रोत (ज्यांचा कोड सर्वांना खुला आहे असे) क्लायंट आहेत. त्यांतही पहिला आणि तिसरा लिबटॉरेंट या एकाच लायब्ररीवर (तयार कोडसंचावर) उभे असल्यामुळे एक काढून दुसरा बसवल्याने वेगात चमत्कार होणार नाही. माझी पसंती क्यूबिटटॉरेंटला आहे, कारण अडचण शोधताना लागणारी माहिती त्यात समोर दिसते. मात्र तोही निर्दोष नाही : समोरचा सर्व्हर खरा असल्याची खात्री देणारी सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे न तपासण्याची त्याची 2010 पासूनची चूक 5.0.1 या आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर 2024 मध्ये सुधारली गेली. तो वापरणाऱ्यांनी जुनी आवृत्ती ठेवू नये.

अपलोड शून्य करण्याचा सल्ला सर्वांत उलटा आहे. क्यूबिटटॉरेंट आणि म्यूटॉरेंट या दोन्हींत मर्यादेच्या चौकटीत 0 लिहिल्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा होतो. म्हणजे संदेश मानणारा माणूस अपलोड थांबवत नाही, तर मोकळे सोडतो. अपलोडची क्षमता कमी असलेल्या जोडणीवर ती वाट पूर्ण भरली की डाउनलोड मिळाल्याच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात, आणि डाउनलोड मंदावून घरातले व्हिडिओ कॉलसुद्धा तुटू लागतात. समजा, अपलोड खरोखरच जवळजवळ बंद केले, तरी हाती काही लागत नाही, कारण ही पद्धत देवाणघेवाणीवर चालते : क्लायंट आपल्याला चांगला वेग देणाऱ्यांना प्राधान्याने तुकडे पाठवतो आणि काही न देणाऱ्याला बहुधा ताटकळत ठेवतो. सीडर भरपूर असतील तेथे हे जाणवत नाही. मोजकेच लोक असलेल्या टॉरेंटवर, म्हणजे नेमके जेथे वेगाची चणचण असते तेथे, ते फार जाणवते. मोजलेल्या अपलोड वेगाच्या सुमारे 80 टक्क्यांवर मर्यादा ठेवणे हा जुना आणि उपयोगी दंडक आहे.

पाच हजार जोडण्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. घरगुती राउटरला प्रत्येक जोडणीची नोंद ठेवावी लागते आणि ती नोंदवही भरली की साधी पानेसुद्धा उघडेनाशी होतात. क्यूबिटटॉरेंटमध्ये मुळात असलेली एकूण 500 आणि प्रति टॉरेंट 100 ही मर्यादा पुरेशी आहे. राउटर जुना असेल तर ती आणखी कमी करावी.

पोर्टच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारता आल्या तर अधिक लोकांशी संपर्क होतो, हे खरे आहे. पण 6881 हाच आकडा घेण्याचे कारण नाही. 6881 ते 6889 हा जुना ओळखीचा पट्टा असल्यामुळे काही इंटरनेट कंपन्या नेमका त्यालाच अडथळा करत आल्या आहेत, तेव्हा 49152 च्या पुढचे एखादे पोर्ट घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडच्या अनेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता (बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही. कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (बाहेरच्या जाळ्याकडचा) पत्ता 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा बाहेरच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडली तरी बाहेरची जोडणी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. त्यावर सरळ मार्ग दोन आहेत : कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागणे, किंवा जोडणीवर आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) असेल तर ते चालू ठेवून राउटरच्या आयपीव्ही6 फायरवॉलमध्ये त्या पोर्टाला परवानगी देणे. दोन्ही जमले नाही तरी डाउनलोड बंद पडत नाही, कारण तुम्ही स्वतः बाहेर जोडण्या करू शकता.

फायरवॉल आणि अँटीव्हायरस बंद करण्याचा सल्ला कोणीही मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्या एका प्रोग्रामला ‘प्रायव्हेट’ नेटवर्कसाठी परवानगी दिली की काम भागते. मार्च 2016 मध्ये ट्रान्समिशनच्या अधिकृत संकेतस्थळावरच मॅकसाठीच्या 2.90 आवृत्तीत ‘केरेंजर’ हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर घुसवले गेले होते आणि फायली परत देण्यासाठी ते एक बिटकॉइन मागत होते. अधिकृत जागी असे घडू शकते, तर पहारा काढून टाकलेल्या संगणकावर अनोळखी दुव्यावरून आणलेली 2.2.1 बसवणे म्हणजे बँकेच्या पासवर्डाशी खेळणे आहे.

ट्रॅकरांच्या यादीने न असलेले सीडर निर्माण होत नाहीत आणि खासगी (ठरावीक सदस्यांपुरत्या) टॉरेंटमध्ये बाहेरचे ट्रॅकर घालणे नियमाविरुद्ध असते. व्हीपीएनने वेग वाढतो तो कंपनी टॉरेंटची गती मुद्दाम दाबत असेल तेव्हाच. एरवी तो घटतो, आणि फुकटच्या सेवेत तुमची सगळी ये-जा अनोळखी हातांतून जाते. तसेच 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे बंधन व्हीपीएन लावल्याने सुटत नाही. टॉरेंट ही पद्धत वैध आहे. प्रश्न असतो तो काय घेतले आणि वाटले याचा.

डाउनलोड 98 किंवा 99 टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर क्यूबिटटॉरेंटमध्ये ‘उपलब्धता’ हा आकडा पाहावा. तो 1 पेक्षा कमी असेल तर जोडलेल्या सगळ्या लोकांकडे मिळूनही फाइल पूर्ण नाही, आणि सीडर येईपर्यंत कोणताही क्लायंट ती पूर्ण करू शकणार नाही. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावरील जुनी मराठी पुस्तके टॉरेंटने घेणाऱ्यांना ही अडचण कमी येते, कारण तेथील टॉरेंटांत अर्काइव्हचे स्वतःचे सर्व्हर वेब सीड, म्हणजे थेट फाइल पुरवणारे स्रोत, म्हणून जोडलेले असतात. उपलब्धता 1 च्या वर असूनही काम अडले असेल, तर डिस्कमधील मोकळी जागा तपासावी आणि फाइल पेन ड्राइव्हवर जात आहे का ते पाहावे. फॅट32 पद्धतीच्या ड्राइव्हवर 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. तेही ठीक असेल तर टॉरेंट थांबवून ‘फोर्स रीचेक’ (उतरलेल्या तुकड्यांची पुन्हा तपासणी) चालवावे, म्हणजे बिघडलेले तुकडे तेवढे पुन्हा मागवले जातील.