1618 चा लंडन फार्माकोपिया: पहिला नव्हे आणि सगळ्या युरोपचाही नव्हे

समाजमाध्यमांवर फार्माकोपियाबद्दल, म्हणजे औषधं कशी बनवायची हे सांगणाऱ्या अधिकृत ग्रंथाबद्दल, एक दावा फिरतो: ‘1618 मध्ये लंडनला जगातला पहिला फार्माकोपिया छापला गेला आणि तेव्हापासून युरोपभर औषधं एकाच प्रमाणात, शास्त्रशुद्ध बनू लागली.’

‘पहिला’ म्हणाल, तर फ्लॉरेन्सच्या वैद्य-औषधकारांच्या संघाने आपला अधिकृत औषधग्रंथ 1499 मध्येच छापून घेतला होता, तोही लॅटिनऐवजी इटालियनमध्ये. बार्सिलोनाचा ग्रंथ 1511 चा. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या नगर परिषदेने वैद्य व्हालेरिउस कॉर्डुसचा ग्रंथ 1546 मध्ये छापला. कॉर्डुस स्वतः 1544 मध्येच वारला होता. लंडनचं वेगळेपण एवढंच, की आधीचे ग्रंथ शहरापुरते होते आणि हा राजाज्ञेने साऱ्या इंग्लंडला लागू झाला.

‘युरोपभर’ तर मुळीच नाही. राजा एकच असूनही स्कॉटलंड त्या आज्ञेबाहेर होतं. एडिंबरोचा स्वतंत्र ग्रंथ 1699 मध्ये आला. शिवाय मे 1618 ची आवृत्ती लंडनचा ग्रंथ काढणाऱ्या वैद्यांच्या कॉलेजने डिसेंबरमध्येच बदलली आणि खापर फोडलं मुद्रकावर.

‘एकाच प्रमाणात’ हा सर्वांत कच्चा मुद्दा. कागदावरची वजनांची उतरंड लंडन आणि न्यूरेंबर्गमध्ये सारखी होती: 12 औंसांचा पौंड, 8 ड्रॅमचा औंस, 3 स्क्रुपलचा ड्रॅम, 20 ग्रेनचा स्क्रुपल. पण लंडनचा औंस सुमारे 31.1 ग्रॅमचा, तर न्यूरेंबर्गचा 29.8 ग्रॅमचा. सगळे घटक एकाच तराजूवर तोलले तर त्यांचं आपसातलं गुणोत्तर बिघडत नाही. मात्र ‘एक ड्रॅम द्यावा’ म्हटलं की रोग्याच्या पोटात जाणारं औषध शहरागणिक चार टक्क्यांनी कमी-जास्त होतं. मधातल्या अवलेहात घोळ वाढतो. चूर्णाच्या तिप्पट मध, हे प्रमाण वजनाचं. तोच मध कुणी पाण्याच्या मापाने भरून घेतला, तर तो पाण्याहून सुमारे 1.4 पट जड असल्याने तिपटीऐवजी 4.2 पट पडतो. मग चूर्ण 25 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर येतं आणि त्यात अफू असेल तर तीही त्याच हिशेबाने पातळ होते. त्यातच औंस आणि ड्रॅम यांची हस्तलिखितातून आलेली चिन्हं दिसायला इतकी जवळची, की एक फराटा इकडचा तिकडे झाला तरी चूक थेट आठपट!

राहता राहिलं ‘शास्त्रशुद्ध’. 1618 च्या ग्रंथात कॅलोमेलसारखं पाऱ्याचं नवं रासायनिक औषध आहे, हे खरंच. पण त्याच ग्रंथात सापाचं मांस आणि अफू घातलेलं, साठेक घटकांचं थेरिअ‍ॅक हे विषावरचं प्राचीन औषधही आहे. इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डनने 1745 मध्ये त्याच्यावर कोरडे ओढले, तरी लंडनच्या ग्रंथातून ते 1788 पर्यंत हललं नाही.