कन्नोली: पौष्टिक नव्हे, आणि बहुधा शाकाहारीही नव्हे

सिसिली या इटलीच्या बेटावरील कन्नोली (तळलेल्या नळीत गोड रिकोटा भरून केलेले पक्वान्न) म्हणजे ‘इटलीची पनीर भरलेली करंजी’, तिच्यातील रिकोटा निवळीच्या प्रथिनांचा असल्याने ती पौष्टिक, शिवाय पूर्ण शाकाहारी, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यात सत्याचा अंश आहे, पण निष्कर्ष चुकीचे आहेत.

रिकोटा हे पनीर नाही. पनीर अख्खे दूध फाडून होते; रिकोटा मात्र चीज काढल्यावर उरलेली निवळी पुन्हा तापवून, वर येणारा मऊ साका गोळा करून मिळतो, आणि त्या शब्दाचा अर्थच ‘पुन्हा शिजवलेले’ असा आहे. सिसिलीत तो परंपरेने मेंढीच्या दुधाचा असतो. त्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 10 ग्रॅम प्रथिने असतात हे खरे. परंतु मेंढीच्या रिकोट्यात स्निग्धांशही तेवढाच किंवा अधिक असतो, किलोभर रिकोट्याला तीन-चारशे ग्रॅम साखर सहज लागते आणि बाहेरची नळी तर मैद्याची, तळलेली. हे सणासुदीचे पक्वान्न आहे. कार्निव्हलच्या दिवसांशी त्याचे जुने नाते आहे.

शाकाहाराचा दावा अधिक गंभीर आहे, कारण त्यावर विसंबून कोणी नकळत नेम मोडेल. पारंपरिक पिठात मोहन म्हणून डुकराची चरबी आणि सोबत मार्साला वाइन घालतात. शिवाय रिकोट्याची निवळी ज्या चीजमधून येते, ते बहुधा कोकराच्या जठरातील रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विकराने, विरजलेले असते. लोणी किंवा तेलाचे मोहन घालूनही कन्नोली करतात, त्यामुळे खाण्याआधी विक्रेत्याला मोहन, वाइन आणि रेनेट या तिन्हींविषयी स्पष्ट विचारावे.