‘सोलापूरचे वीस म्हणजे पुण्याचे चाळीस’ हा हिशेब कुठं चुकतो

आमच्या नातेवाइकांच्या, गल्लीच्या आणि जुन्या मित्रांच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच मेसेज फिरला. मजकूर थोडक्यात असा: ‘सोलापूरचे २०,००० म्हणजे पुण्याचे ४०,००० आणि मुंबईचे ६०,०००. पुण्यात सगळंच दुप्पट महाग. सरकारी महागाई निर्देशांकही तेच सांगतो. सोलापुरात घर घरचं, पाणी घरचं. दुप्पट पगार मिळत नसेल तर गाव सोडू नका.’

एरवी वाचून सोडून दिला असता. पण माझ्या बहिणीनं तो भाच्यापुढं धरला. पोरगं डिप्लोमा झालेलं, सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत १८,००० वर लागलेलं. पुण्याजवळच्या चाकणच्या एका कारखान्यातून त्याला हातात २९,००० ची ऑफर आली. “दुप्पट कुठंय? ३६ तरी पायजेत,” म्हणून तिनं विषय मिटवला. पोराचं पुढचं आयुष्य एका गुणाकारावर ठरत असेल तर त्या गुणाकाराला उत्तर द्यायलाच हवं.

‘पुण्यात सगळंच दुप्पट महाग.’ नाही. तेलाची पिशवी, साबण, चहापावडर, मोबाइलचा रिचार्ज यांच्या किमती दोन्हीकडं जवळपास सारख्याच. गॅसच्या टाकीतही फार फरक नाही. घरगुती वीज दोन्ही शहरांत महावितरणची, दर तेच. उलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं सोलापुरात रात्रभर कूलर चालतो, तेव्हा बिल आपलंच जास्त येतं. व्यवसाय कर सगळ्या महाराष्ट्रात सारखा. महाग होतं ते घरभाडं, रोजचं येणं-जाणं, बाहेरचं जेवण आणि लहान मुलं असतील तर शाळा-पाळणाघर. हे खर्च मोठे आहेत, पण ते मोजकेच आहेत. शिवाय ते प्रत्येकाच्या वाट्याला सारखे येत नाहीत.

निर्देशांकाचा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण त्याला ‘सरकारी’ हा शिक्का आहे. केंद्राचा श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी दर महिन्याला ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. गिरण्यांचं गाव असल्यामुळं सोलापूर हे त्यातलं जुनं केंद्र. पण या निर्देशांकात प्रत्येक शहराची २०१६ ची पातळी १०० धरलेली असते. सोलापूरचा शंभर सोलापूरच्या किमतींवर, पुण्याचा पुण्याच्या. म्हणजे तिथं किमती तेव्हापासून किती वाढल्या एवढंच त्यातून कळतं, कोणतं शहर महाग ते कळत नाही. दोन पोरांची उंची यंदा किती बोटं वाढली ते ऐकून त्यातलं उंच कोण, हे सांगता येत नाही, तसंच हे.

सरकार स्वतः काय करतं ते पाहा. केंद्रीय कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता देशभर एकाच टक्क्यानं मिळतो, सोलापुरात असो की पुण्यात. शहराप्रमाणं बदलतो तो मुख्यतः घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता. सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग आहेत, त्यात पुणे ‘एक्स’ वर्गात आहे आणि सोलापूर ‘वाय’ वर्गात. २०२४ पासून एक्सला मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडे भत्ता आहे, वायला २० टक्के. मूळ पगार ३०,००० असेल तर पुण्यात ९,००० आणि इथं ६,०००. पुण्याचं खरं भाडं या भत्त्यात भागत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण फरक कुठल्या खात्यात पडतो, हे सरकारनंही ओळखलंय. सगळा पगार दुप्पट करा, असं कुठल्याच आयोगानं म्हटलेलं नाही.

आता गुणाकाराचं मूळ. मेसेज पगाराला गुणतो. गुणायचाच असेल तर खर्च गुणायला हवा. माणूस जे शिल्लक टाकतो, कर्जाचा जो हप्ता भरतो, घरी जे पैसे पाठवतो, ते शहर बदललं म्हणून दुप्पट होत नाहीत. पुण्याहून पाठवलेले ८,००० बहिणीच्या हातात सोलापुरात ८,०००च असतात.

आम्ही रविवारी जुळे सोलापुरात तिच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसलो. भाच्याचा इथला खर्च: चिंचोळीला जायला-यायला पेट्रोल २,२००, मोबाइल आणि बारीकसारीक १,५००, कपडे, मित्र, बाहेरचं खाणं ३,३००. झाले ७,०००. घरी देतो ८,०००. उरले ३,०००.

चाकणचं पान त्यानं तिथं राहणाऱ्या मित्राला फोन करून भरलं. तिघांत एक खोली, वाटा ३,५००. मेस ३,५००, कारण एका वेळचं जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये होतं. कंपनीच्या बसची कपात ५००. महिन्यातून एकदा सोलापूर, येऊन-जाऊन १,०००. मोबाइल आणि बारीकसारीक १,५००. इतर २,५००. झाले १२,५००. घरी तेच ८,०००. उरले ८,५००.

खर्च खरंच पावणेदोन पटीच्या वर गेला, पगार मात्र दीडपटीच्या थोडा वर. मेसेजच्या हिशेबानं पोरगं बुडायला हवं होतं. प्रत्यक्षात शिल्लक ३,००० वरून ८,५०० वर गेली. बहिणीनं बेरीज दोनदा तपासली.

शिवाय मेसेजमधलं ‘पुणे’ म्हणजे नेमकं कुठलं? चाकणची खोली, हिंजवडीचा फ्लॅट आणि कोथरूडचा वाडा पाडून झालेली नवी इमारत, यांची भाडी एका ओळीत बसत नाहीत.

पण याच दुपटीच्या हिशेबावर विसंबून उलटी चूकही होते, आणि ती मी केलीय. २०१६ मध्ये मला खराडीच्या बाजूला बरोबर दुप्पट पगार मिळाला. दुप्पट आहे म्हटल्यावर मी पुढं काही मोजलंच नाही. बायको, दोन मुलं घेऊन गेलो. सोलापुरात वडिलांचं घर, म्हणजे भाडं शून्य. शून्याला दोननं गुणा की दहानं, पुण्याचं १४,००० भाडं त्यातून निघत नाही. इथं मुलांना आई सांभाळायची, तिथं पाळणाघर आलं. बायको घरी शिकवण्या घ्यायची, त्या सुटल्या. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर यायचे, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये. निघताना मालकानं रंगाचे म्हणून निम्मं डिपॉझिट कापलं. हातात नुसता नोटरीचा कागद होता, मी भांडू शकलो नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते, हे मला नंतर समजलं. भाच्याला मी हे पहिल्यांदा सांगितलं.

तेव्हा दुप्पट पगार कुटुंब घेऊन जाणाऱ्या मला पुरला नाही, आणि दीडपट एकट्या भाच्याला पुरून उरतोय. तोच आकडा दोघांनाही चुकीचं सांगत होता.

‘सोलापुरात पाणी घरचंच’ या वाक्याचं मला मनापासून वाईट वाटतं. शंभरएक किलोमीटरवरच्या उजनीतून आपलं पाणी येतं, आणि नळाला ते काही दिवसांआड सुटतं. बहिणीच्या मोरीत दोन निळे ड्रम, जिन्याखाली एक टाकी, गच्चीवर दुसरी. पाणी यायच्या दिवशी कुणीतरी घरी थांबतंच. मोटर लावायची, ड्रम धुवायचे, पाइप एका भांड्यातून दुसऱ्यात हलवायचा. बहुतेकदा ते बाईच्या वाट्याला येतं, आणि रोजावर जाणाऱ्या बाईचा त्या दिवशी अर्धा रोज बुडतो. हा खर्च कुठल्याच मेसेजमध्ये धरलेला नसतो. सोलापूर स्वस्त आहे, मलाही ते आवडतं म्हणून मी परत आलो. पण ते फुकट नाही. आपण ते अंगमेहनतीनं चुकतं करतो.

राहता राहिलं ‘दुप्पट नसेल तर जाऊ नका.’ ऑफरच्या कागदावरचा आकडा कुठला, हे आधी बघा. वार्षिक पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफसुद्धा धरलेला असतो, हातात येणारे पैसे वेगळे. मग तिथं राहणाऱ्या, आपल्यासारखंच घर असलेल्या एखाद्याला फोन करा आणि वहीची दोन पानं भरा. पहिल्या महिन्याचं वेगळं लिहा: डिपॉझिट, एजंटचं कमिशन, गादी, बादली, शेगडी. पहिला पगार हातात येईपर्यंतचे दिवस खिशातून काढायचे असतात.

रविवारी शेवटी वही बहिणीनंच ओढून घेतली. मेसचे ३,५०० खोडून तिनं २,८०० लिहिले आणि शेजारी लिहिलं, ‘नाष्टा इथून’. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पंधरा दिवस सहज टिकते. दर महिन्याला हुतात्मा एक्सप्रेसनं येईल, तेव्हा डबा भरून नेईल, मधला एखादा कुणाच्या तरी हाती धाडू, असं तिचं म्हणणं. मग भाच्याकडं न बघता मला म्हणाली, “दादा, डिपॉझिट किती म्हणालास? आणि नोंदणीचा कागद कोण करतंय?”